गॅलरीखालची गंजी

"उकिरडा चोरीला गेला!"

स्वप्निल गल्लीच्या टोकापासूनच ओरडत आला. नाहिद आणि तिचा धाकटा भाऊ मुबश्शीर लिंबाच्या सावलीत चेंडूत हवा भरत बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय गेलं म्हणालास?" नाहिदने विचारलं.

"उकिरडा! चावडीमागचा! आख्खाच्या आख्खा! अन् आशाबाईनं चुलीसाठी रचलेली पऱ्हाटीची गंजी पण गेली. आशाबाई आपल्याला हुडकून राहिली. हातात चप्पल हाय तिच्या!"

"पऱ्हाटी नेली असंल कुणी चुलीला. पण उकिरडा?" मुबश्शीरला हसू आवरेना. "उकिरडा नेऊन माणूस करंल काय? बैठकीत मांडून ठेवंल?"

मे महिन्याची सुट्टी होती. हट्टा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची सावरवाडी उन्हाने भाजून निघत होती आणि अशा उन्हात मुबश्शीरच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता! मरून आणि पिवळ्या पट्ट्यांचा हा मफलर त्याच्या बद्रुद्दीन मामूने इंग्लंडहून पाठवला होता. मामू ब्रॅडफर्ड शहरात बस चालवायचा आणि सुट्टी मिळाली की शेजाऱ्यांबरोबर ब्रॅडफर्ड सिटी या फुटबॉल क्लबचा सामना बघायला जायचा. या क्लबला तिकडे लाडाने 'बँटम्स' म्हणतात. बँटम म्हणजे बुटका पण भांडखोर कोंबडा! त्यामुळे आमच्या या तिघांनी आणि त्यांच्या मैत्रिणीने, प्रतिक्षाने, आपल्या संघाचं नाव 'सावरवाडी कोंबडा क्लब' ठेवलं होतं. गावातली मोठी पोरं त्यांना बघून आरवायची, पण मुबश्शीरला त्याचं काही वाटत नसे.

"आरवू द्या त्यांना," तो म्हणायचा. "आपला ब्रॅडफर्डचा क्लब पहिल्यांदा रग्बी खेळायचा, ठाऊक हाय? एकोणीसशे तीनमधी रग्बी सोडून फुटबॉलचा झाला. आठ वर्षांत इंग्लंडचा मोठा चषक जिंकला! त्या साली चषक नवा केला होता, अन् तो घडवला ब्रॅडफर्डच्याच सराफानं."

"म्हंजे घरचाच कप घरी नेला की!" स्वप्निल चिडवायचा. "त्यानंतर काय जिंकले?"

त्यानंतरचं फारसं काही सांगण्यासारखं नव्हतं. पण मामू म्हणायचा, हरणाऱ्या संघामागे उभा राहतो तोच खरा पाठीराखा. तसं बघितलं तर घरातली सगळ्यात पक्की पाठीराखी होती शरीफा नानी, मामूची आई. गुडघे गेलेले, दृष्टी अधू, पण फोनवर लेक दिसला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आपले कोंबडे जिंकले का रे?"

तेवढ्यात आशाबाई आलीच.

"कुठं हाय माझी गंजी? गोल का बिल करायला नेली ना तुमी?"

"मावशी, आम्ही मागच्या महिन्यात गोलच्या खांबांना दोनच भारे नेले होते, ते पण परत आणले!" नाहिद म्हणाली.

"मग आख्खी गंजी काय पाय फुटून गेली? पावसाळ्याची बेगमी होती माझी! उद्यापातुर सापडली न्हाई, तर तुमचा चेंडू चुलीत घालते. बराबर ध्यानात ठेवा!"

आशाबाई बोलली की करणारी बाई होती. चेंडू मामूने पाठवलेला होता. तपास लागणं भाग होतं!

प्रतिक्षाला हाक मारून चौघं निघाले. गावातून फिरताना त्यांना एक एक गंमत दिसायला लागली. चावडीमागे उकिरडा नव्हता, तिथे रांगोळी होती. पारामागचे फाटक्या पोत्यांचे ढीग नव्हते. हळद शिजवून झाल्यावर शिवारातून आणून टाकलेला पाला नव्हता. गाव एका रात्रीत नवरदेवासारखं नटलं होतं.

"उद्या मोठ्या पोरांची फुटबॉलची फायनल हाय ना," प्रतिक्षा म्हणाली. तिचे बाबा भागवतराव स्पर्धा समितीचे अध्यक्ष होते. "तालुक्याचे मोठे साहेब येणार. बाबांनी काल ट्रॅक्टर लावून गाव झाडून घेतलं."

"अन् झाडलेलं टाकलं कुठं?"

ते प्रतिक्षाला माहीत नव्हतं. पण रस्त्याला माहीत होतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळक्या कपाशीच्या, काड्या आणि वाळका पाला सांडत सांडत ट्रॉलीची चाकोरी सरळ शाळेच्या मैदानाकडे गेली होती.

मैदानाच्या एका बाजूला नवी गॅलरी उभी राहिली होती. बांबू आणि फळ्या बांधून केलेली, पायऱ्यापायऱ्यांची, गावात आजवर कुणी पाहिली नव्हती इतकी उंच! मांडववाल्या धर्मसिंगने ती बांधली होती आणि मागून, बाजूंनी हिरवं कापड लावून झाकली होती. चाकोरी त्या कापडापाशी संपत होती.

"आत कोण जातं?" स्वप्निलने विचारलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला.

नाहिदने कापड उचललं. ती आत शिरली तशी बाकीचे तिच्या मागोमाग गेले.

आत काळोख होता. वरच्या फळ्यांच्या फटींमधून उन्हाच्या पट्ट्या खाली येत होत्या आणि त्या उजेडात दिसत होतं ते बघून चौघांचं हसू मावळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरीचं पोट भरलेलं होतं! आशाबाईची गंजी, हळदीचा पाला, फाटकी पोती, गोवऱ्या, कागदी पत्रावळ्या. सगळं कोरडं ठणठणीत. वाकून चालतानाही काड्या कडाकड मोडत होत्या.

"सापडली गंजी!" स्वप्निल कुजबुजला. "चला आता बाहेर. गुदमरून राहिलो मी."

तेवढ्यात वर पावलं वाजली. फळ्या करकरल्या. कामगार विश्रांतीला बसले होते. चौघं जागच्या जागी गोठले. इथे सापडलो तर मार ठरलेला! वर काडी ओढल्याचा आवाज आला, मग बिडीचा वास आला. कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं.

आणि फटीतून काहीतरी लाल लाल खाली पडलं.

ते नाहिदच्या हातापासून वीतभर अंतरावर पाल्यावर पडलं. बिडीचं थोटूक! पाल्याची कड काळी पडली, वाकडी झाली आणि तिच्यावर एक इवलीशी ज्योत उभी राहिली. नाहिदने पायातली चप्पल काढली आणि जीव खाऊन त्या ज्योतीवर मारली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. राख झाली तरी ती मारतच होती. शेवटी प्रतिक्षाने तिचा हात धरला.

"आत कोण हाय रे? कुत्रं शिरलं वाटतं!" वरून आवाज आला.

चौघं सरपटत बाहेर पडले आणि शाळेच्या भिंतीआड जाऊन बसले. सगळ्यांत जास्त बडबड करणारा मुबश्शीर पांढराफटक पडला होता.

"असंच झालं होतं," तो हळूच म्हणाला. "व्हॅली परेडमधी. आपल्या क्लबच्या मैदानात."

"काय झालं होतं?"

"मामूनं सांगितलं होतं. एकोणीसशे पंच्याऐंशी साल. कोंबडे त्या वर्षी आपल्या विभागात पहिले आले होते. चषक सगळ्यांना दाखवायचा दिवस. गच्च भरलं होतं मैदान. स्टँड जुना, लाकडाचा. फळ्यांच्या फटींतून खाली वर्षानुवर्षं कचरा पडत गेलेला, कुणी काढलाच नव्हता. कुणाच्या तरी हातून सिगारेट का काडी पडली त्याच्यात. पहिल्यांदा नुसता धूर दिसला. लोकांना काही वाटलंच नाही. अन् मग चार-पाच मिनिटांत सगळा स्टँड पेटला. छप्पन्न माणसं गेली."

"छप्पन्न?" प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पळाली नाहीत?"

"लई जण आल्या वाटेनं मागं पळाले. मागची दारं बंद होती. जे पुढं मैदानात उतरले ते वाचले. पुढं जाळी नव्हती म्हणून. अजून दर अकरा मेला ते सगळे शहरात जमतात अन् गप उभे राहतात. मामू पण जातो."

नाहिदने मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. पुढच्या बाजूला, प्रेक्षक मैदानात घुसू नयेत म्हणून, छातीइतका उंच बांबूचा कठडा बांधलेला होता. मागे एकच दार होतं. आणि बायकांसाठी राखलेल्या बाजूला, सगळ्यात वरच्या पायरीवर, मागच्या कोपऱ्यात एक खुर्ची आधीच नेऊन ठेवली होती.

"ती खुर्ची कुणाची?" तिने विचारलं, पण उत्तर तिला माहीत होतं.

"नानीची," प्रतिक्षा म्हणाली. "बाबांनीच ठेवली. तिथं वारं लागतं म्हणून. चार माणसं उचलून चढवणार हायत."

पळायची वेळ आली तर गावातलं दुसरं कुणीही पळू शकलं असतं. नानी नाही.

भागवतराव स्टेजजवळ सापडले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात हारांची पिशवी!

"बाबा, गॅलरीखालचा कचरा काढायला सांगा. आग लागंल!" प्रतिक्षाने एका दमात सांगून टाकलं.

"हळू बोल! कापड कशाला लावलंय मग? साहेबांना काय उकिरडा दाखवू?"

"काका, आत्ताच बिडी पडली होती आत," नाहिद म्हणाली. "मी विझवली."

"तुमी आत शिरलाच काहून?" भागवतरावांचा आवाज चढला. धर्मसिंगही जवळ आला होता. "पोरांनो, मी हयातभर मांडव घालून राहिलो," तो म्हणाला. "एक दोरी सुटली न्हाई कधी. जा, खेळा."

"अन् मागचं दार? ते तरी उघडं ठेवा," मुबश्शीर काकुळतीला आला.

"वा! म्हंजे शेजारच्या गावची टवाळ पोरं मधेच घुसायला मोकळी! मॅच सुरू झाली की तारेनं बांधायचं, हेच ठरलंय. निघा आता, लई तकलीफ देऊ नका."

मोठ्या माणसांचं हे असं असतं. लहानांनी खोडी काढली की दिसते, इशारा दिला की दिसत नाही!

घरी नाहिदने वेगळा मार्ग धरून पाहिला. "नानी, तू उद्या घरीच थांब ना. ऊन किती असतं!"

"वा रे बेटा!" नानी म्हणाली. "आजपातुर फोनमधीच बघितली मॅच. हाताएवढा गोल अन् मुंगीएवढे लोक. उद्या डोळ्यानं बघणार, तर म्हणती थांब! या अल्ला, मी काय थांबती व्हय!"

नाहिदने तोंड उघडलं, पण दारातून अम्मीने डोळे वटारले. मामूने ती आगीची हकीगत सांगितली होती, त्या रात्री नानीच्या छातीत धडधड सुरू होऊन डॉक्टरला बोलवावं लागलं होतं. माझा लेक तसल्या मैदानात जातो, एवढंच ती म्हणत होती. तेव्हापासून त्या आगीचं नाव नानीपुढे काढायचं नाही, असा घरचा हुकूम होता. नाहिदने तोंड मिटलं. पुढे किती तरी वेळा तिला वाटलं की तेव्हा हुकूम मोडायला हवा होता.

"मोठी माणसं आपलं ऐकत न्हाईत," दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्निल म्हणाला. "पण ती एका माणसाला घाबरतात."

"कुणाला?"

"चप्पलवाल्या आशाबाईला!"

आशाबाईला गंजीचा पत्ता सांगायचा अवकाश! ती आणखी सात-आठ बायकांना घेऊन मैदानावर चालून गेली. कुणाची पऱ्हाटी, कुणाच्या गोवऱ्या, सगळ्यांच्या चुलीवर घाला पडला होता. हिरवं कापड बाजूला फेकून बायकांनी एका टोकाने माल उपसायला सुरुवात केली. ते टोक बायकांच्या बाजूचं होतं. कोंबडा क्लब भारे वाहून वाहून घामाघूम झाला. गॅलरीचं निम्मं पोट रिकामं झालं आणि नाहिदला पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

पण तेवढ्यात भागवतराव धावत आले. हात जोडून उभे राहिले.

"आशाबाई, इज्जतीचा सवाल हाय! साहेबांची गाडी निघाली. सगळा पसारा मैदानात दिसून राहिला! तुमची गंजी न्या, बाकीचं राहू द्या. सोमवारी मी स्वतः ट्रॉली लावून काढतो. शब्द देतो."

बायका थांबल्या. ज्यांचा माल मिळाला त्या निघून गेल्या. उरला उकिरडा, पोती आणि पाला. त्यांच्यासाठी भांडायला कोण बसणार? धर्मसिंगच्या माणसांनी कापड पुन्हा ओढून घेतलं.

मुबश्शीर नाहिदच्या बाहीला धरून उभा होता. "आपा," तो म्हणाला, "तिकडे पण सोमवारीच काम सुरू होणार होतं. लोखंड येऊन पडलं होतं. आग शनिवारी लागली."

नाहिदने वळून पुढच्या कठड्याच्या गाठींकडे पाहिलं.

दुपारी गाव जेवून पडलं तेव्हा चौघं पुन्हा मैदानावर होते. मागच्या दारापाशी धर्मसिंगचा माणूस बसलेला, तिथे काही करता येईना. पण पुढच्या कठड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बांबू सुतळीने बांधलेले होते. नाहिद आणि स्वप्निल एकेक गाठ सोडून सैल करत गेले. वरून बघणाऱ्याला कठडा जसाच्या तसा दिसावा, पण जोर लागताच आडवा व्हावा! प्रत्येक गाठीला हात लावताना नाहिदला वाटे, आता मागून कुणीतरी कान धरणार. हे उघडकीला आलं असतं तर अख्ख्या गावाने त्यांना गुन्हेगार ठरवलं असतं.

"आग लागली तर ओरडायचं का?" स्वप्निलने विचारलं.

"ओरडलं की लोक मागच्या दाराकडे धावतील," मुबश्शीर म्हणाला. "तिथंच चेंगरतील. लोक पुढं यायला पायजेत. न घाबरता."

"न घाबरता, अन् पटकन," प्रतिक्षा विचार करत म्हणाली. "मी साहेबांच्या स्वागताला स्टेजवर असणार. माईकजवळ. मुबश्शीरनं मफलर फिरवला की पुढचं माझ्यावर सोडा."

उन्हं कलली आणि गॅलरी भरली. इतकी भरली की फळ्या वाकल्या. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला स्टेज, स्टेजवर साहेब, हार, शाल, भाषणं! नानीला खुर्चीसकट उचलून वर चढवलं होतं आणि तिच्या शेजारी आशाबाई ऐटीत बसली होती. मागचं दार बंद झालं. तार पिळल्याचा आवाज नाहिदला खालपर्यंत ऐकू आला. ती आणि स्वप्निल कठड्याजवळ बसले. मुबश्शीर दुसऱ्या टोकाला गेला. सामन्याकडे त्यांच्यापैकी कुणाचं लक्ष नव्हतं. तिघंही फळ्यांच्या फटींकडे बघत होते.

आणि सावरवाडीने गोल केला!

गॅलरी उठून नाचायला लागली. जुन्या सवयीप्रमाणे कुणीतरी फटाक्यांची लांबलचक लड पेटवली. ती गॅलरीच्या कोपऱ्यातल्या बांबूला टांगलेली होती. धडाडधड! ठिणग्या चहूकडे उडाल्या, धुराचा लोट उठला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. हळूहळू आवाज थांबला. धूर विरायला लागला.

एका जागचा धूर मात्र विरेना. उकिरड्याच्या टोकाला, पायऱ्यांच्या फटीतून एक बारीक करडी धार वर येत होती. शेजारी बसलेल्या माणसाने ती हाताने दूर सारली आणि पुन्हा सामना बघायला लागला.

धार जाड झाली. मुबश्शीरने त्या टोकाकडून गळ्यातला मफलर काढून हवेत गरगर फिरवला. स्टेजवर प्रतिक्षाने तो पाहिला.

समालोचन करणाऱ्या गुरुजींच्या हातून तिने माईक अक्षरशः हिसकावला.

"ऐका, ऐका! साहेब आपल्या अख्ख्या गावासोबत फोटो काढणार हायत! पेपरात येणार! सगळ्यांनी लगेच मैदानात या! स्टेजजवळ! जो पुढं तो फोटोत!"

साहेब चकित झाले, पण टोपी नीट करत उठून उभेही राहिले. भागवतराव "अगं, हे कधी ठरलं?" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

फोटो! पेपरात! सावरवाडीला बसल्या जागेवरून उठवणारा याहून मोठा मंत्र नव्हता. अख्खी गॅलरी खाली लोटली. कठड्याला पहिला धक्का बसला आणि बांबू आडवे झाले. माणसं त्यांच्यावरून हसत, ढकलत, केस नीट करत, लेकरांना कडेवर घेत मैदानात उतरली. कुणाला कशाची भीती नव्हती. भीती सगळी या चौघांच्या वाट्याला आली होती.

नाहिद उलट्या दिशेने वर धावली. गर्दीतून वाट काढत, फळ्यांवरून घसरत ती वरच्या पायरीला पोचली. आणि बघते तर काय, नानी आपल्या खुर्चीत निवांत बसलेली! शेजारी आशाबाई, हाताची घडी घालून.

"चल नानी! खाली चल!"

"फोटो काढून मी काय करू? मॅच सुरू होईल आता. इथूनच बराबर दिसतं."

"आशामावशी, तुम्ही तरी!"

"त्या भागवतसंगं फोटू? मेले तरी न्हाई!" आशाबाई फणकारली.

पलीकडच्या टोकाला काहीतरी 'भक्' झालं. नाहिदने वळून पाहिलं. पायऱ्यांच्या फटींतून आता धूर येत नव्हता, जीभ बाहेर काढावी तशा ज्वाळा येत होत्या. त्यांची झळ इथवर लागत होती. नाहिद रडायला लागली. तिला काय करावं ते सुचेना. आणि मग तिने घरचा हुकूम मोडला.

"नानी! व्हॅली परेड!" ती किंचाळली. "खाली कचरा हाय, नानी! पेटलाय! मागचं दार बंद हाय!"

नानीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या टोकाकडे. छातीवर हात गेला, पण लगेच खाली आला.

"आशा, ऊठ," ती म्हणाली. "मागं न्हाई जायचं. पुढं. मैदानात. मागं गेलेले वाचत न्हाईत."

आशाबाईने मग एक क्षण दवडला नाही. पऱ्हाटीचे भारे डोक्यावर वाहिलेली ती बाई! तिने पदर खोचला, खाली बसली आणि नानीला पाठुंगळीला घेतलं. नाहिद पुढे पायरी दाखवत उतरायला लागली. डोळ्यांत धूर जात होता, खोकला थांबत नव्हता. एक फळी मोडून नाहिदचा पाय खाली गेला. खाली रिकामी जागा होती! सकाळी बायकांनी उपसलेली! तिथे पाला असता तर इथेही आग पोचली असती. स्वप्निलने खालून धावत येऊन तिचा हात ओढला. पाय सुटला, चप्पल राहिली.

नाहिद, स्वप्निल आणि नानीला घेतलेली आशाबाई मैदानाच्या मध्यावर पोचतात न पोचतात तोच मागे मोठ्ठा आवाज झाला. हिरवं कापड एका झटक्यात पेटून वर उडालं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात गावातली सगळ्यात उंच गॅलरी जळून खाली बसली.

फोटोसाठी रांगा लावून उभी राहिलेली सावरवाडी वळून बघत राहिली. कुणी ओरडलं नाही. आत्ता कुठे लोकांना कळत होतं, आपण कुठे बसलो होतो ते.

"मुबश्शीर?" नाहिदला एकदम आठवलं. "मुबश्शीर कुठाय?"

तो आगीच्या टोकाला होता! ती वेड्यासारखी गर्दीत शिरली. हा नाही, तो नाही. अखेर पाण्याच्या टाकीजवळ तो सापडला. तोंड काळं, हातात बादली, सोबत धर्मसिंग. शाळेच्या बाजूची आग ते दोघं पाणी मारून अडवत होते. नाहिदने त्याला आधी एक चापट मारली आणि मग घट्ट मिठी मारली.

वसमतहून आगीचा बंब आला तोवर विझवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. भागवतराव जळक्या बांबूंसमोर उभे होते. मग ते लेकीकडे गेले आणि तिच्या हातातला माईक मागून घेतला.

"आत कुणी राहिलंय का, मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी एकेका घराचं नाव घेतो. घरातली समदी माणसं असतील तर 'हाय' म्हणा. देवासाठी, नीट बघून म्हणा."

त्यांनी वरच्या आळीपासून सुरुवात केली. एक नाव, मग थोडी शांतता. त्या शांततेत माणसं आपापली लेकरं मोजत होती. मग उत्तर यायचं, "हाय!" पुढचं नाव. "हाय!" मुसलमान मोहल्ला झाला, खालची आळी झाली, बाहेरगावचे पाहुणे झाले. शेवटच्या घरानेही "हाय" म्हटलं, तेव्हा भागवतराव माईक घेऊन तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

साहेबांनी चौघांना जवळ बोलावलं. "फोटोची कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. प्रतिक्षा घाबरत पुढे झाली. साहेबांनी स्वागतात मिळालेली, आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. "आजवर लई ठिकाणी मला फोटोसाठी उभं केलं," ते म्हणाले. "कामाला आलो तो आजच."

"पोरांनी कालच सांगितलं होतं," भागवतराव डोळे पुसत सगळ्यांसमोर म्हणाले. "मी ऐकलं न्हाई. गाव वाचलं ते या लेकरांमुळं. सोमवार कुणी पाह्यलाय?"

धर्मसिंगने नाहिदच्या डोक्यावर हात ठेवला. आशाबाईने स्वप्निलच्या पाठीत कौतुकाचा असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला!

नानीला मैदानातच एका सतरंजीवर टेकवून बसवलं होतं. अम्मीने मामूला फोन लावून दिला. पडद्यावर मामूचा चेहरा आला, पण आज नानीने कोंबड्यांचं विचारलं नाही.

"बद्रू, इथं आग लागली होती," ती म्हणाली. "व्हॅली परेडसारखीच. तू पोरांना ती गोष्ट सांगितली होती ना?"

"अम्मी! तुमी ठीक हाव ना? कोण कोण..." मामूला पुढे विचारवेना.

"सगळे हायत," नानी म्हणाली. "नावं घेतली बेटा, एकेका घराचं नाव घेतलं. सगळ्यांनी जवाब दिला."

मामूने चष्मा काढला आणि हाताने डोळे झाकून घेतले. नानीने नाहिदचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि गाव घरी जायला निघालं तरी सोडले नाहीत.